कोणीच हरले नाही! : एका बरोबरीच्या डावाचा अभ्यास



शाळेच्या स्पर्धेत एखादा डाव बरोबरीत सुटला, की बघणारी मुले हिरमुसतात. 'काहीच झाले नाही' असे म्हणून ती दुसऱ्या पटाकडे वळतात. बरोबरी म्हणजे दोघेही कंटाळले आणि उठले, अशी पुष्कळांची समजूत असते. कधी कधी तसे घडतेही. पण काही डाव असे असतात, की त्यांत दोघेही जिवाच्या आकांताने लढतात, मात अवघ्या एका घरावर येऊन थांबते, आणि तरीही शेवटी दोघांनाही अर्धा अर्धा गुण घ्यावा लागतो. बरोबरी सोडून जो दुसरे काही करील, तो हरेल, अशी ती स्थिती असते.

असा एक डाव आज आपण खेळी-खेळीने तपासणार आहोत. तो १८७२ साली ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात खेळला गेला. पांढरी मोहरी होती कार्ल हाम्पे यांच्याकडे. ते सरकारी अधिकारी होते. काळी मोहरी होती फिलिप माइट्नर यांच्याकडे. ते वकील होते. दोघांचाही चरितार्थ बुद्धिबळावर चालत नव्हता. कामधंदा सांभाळून ते हौसेने खेळत. पण या एका डावामुळे दोघांचीही नावे बुद्धिबळाच्या पुस्तकांत कायमची राहिली. 'अमर बरोबरी' या नावाने हा डाव ओळखला जातो.

पुढे वाचण्यापूर्वी पट मांडून घ्या. नुसते वाचून हा डाव समजणार नाही. मोहरी हाताने हलवली पाहिजेत.

खेळी लिहिण्याची पद्धत

पांढऱ्याच्या बाजूने पाहिले असता डावीकडून उजवीकडे उभ्या पट्ट्यांना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे असतात. आडव्या पट्ट्यांना पांढऱ्याकडून १ ते ८ हे आकडे असतात. म्हणजे पांढऱ्याचा राजा सुरुवातीला ई१ या घरात असतो आणि काळ्याचा ई८ या घरात. रा म्हणजे राजा, व म्हणजे वजीर, ह म्हणजे हत्ती, उं म्हणजे उंट आणि घो म्हणजे घोडा. नुसते घर लिहिले असेल तर ती प्याद्याची खेळी समजावी. × ही खूण मोहरे मारल्याची आणि + ही खूण शह दिल्याची.

संपूर्ण डाव असा :

१. ई४ – ई५
२. घो-सी३ – उं-सी५
३. घो-ए४ – उं×एफ२ +
४. रा×एफ२ – व-एच४ +
५. रा-ई३ – व-एफ४ +
६. रा-डी३ – डी५
७. रा-सी३ – व×ई४
८. रा-बी३ – घो-ए६
९. ए३ – व×ए४ +
१०. रा×ए४ – घो-सी५ +
११. रा-बी४ – ए५ +
१२. रा×सी५ – घो-ई७
१३. उं-बी५ + – रा-डी८
१४. उं-सी६ – बी६ +
१५. रा-बी५ – घो×सी६
१६. रा×सी६ – उं-बी७ +
१७. रा-बी५ – उं-ए६ +
१८. रा-सी६ – उं-बी७ + बरोबरी

आता एकेक टप्पा पाहू या.

राजा घराबाहेर पडतो

तिसऱ्या खेळीला हाम्पे यांनी घोडा ए४ वर नेला आणि काळ्याच्या उंटावर हल्ला चढवला. उंट मागे घेणे ही साधी खेळी. माइट्नर यांनी मात्र तो एफ२ वरच्या प्याद्यावर टाकला. एका प्याद्याच्या बदल्यात उंट! हिशेबाने हा तोटा आहे. मग त्यांना मिळाले काय? पांढऱ्याचा राजा घराबाहेर निघाला, हे मिळाले.

लगेच वजिराचा एच४ वरून शह आला. पांढऱ्याने जी३ करून शह अडवला असता, तर वजिराने ई४ वरचे प्यादे मारून एकाच वेळी ए४ वरचा घोडा आणि एच१ वरचा हत्ती माऱ्यात धरला असता. हाम्पे यांनी राजालाच पुढे काढले. राजा ई३, डी३, सी३, बी३ असा चालत निघाला. एरवी डावाच्या सुरुवातीला राजा कोपऱ्यात दडून बसतो. येथे तो एकटाच शत्रूच्या मुलखात फिरायला निघाल्यासारखा दिसतो.

आठव्या खेळीला काळ्याने घोडा ए६ वर आणला. या खेळीत शह नाही, पण धमकी मोठी आहे. पुढच्या खेळीला व-बी४ केले की मात! वजिराला घोड्याचा जोर असल्याने राजा त्याला मारू शकत नाही. बी३ वरच्या राजाला हलायलाही जागा नाही. ए२, बी२ आणि सी२ वर त्याचीच प्यादी आहेत, ए४ वर त्याचाच घोडा आहे, आणि उरलेली घरे वजिराच्या माऱ्यात आहेत. म्हणून हाम्पे यांनी ए३ करून बी४ हे घर राखले.

आणि येथेच माइट्नर यांनी वजीर टाकला!

वजिराचा बळी

व×ए४ +. वजिराने घोडा मारला आणि राजाला शह दिला. राजाने वजीर न मारता ए२ वर माघार घेतली असती, तर घोडा फुकट गेला असता. वजीर मारणेच रास्त होते. पण मारल्याबरोबर घो-सी५ + असा शह बसला. राजा बी४ वर गेला, तर ए५ + असा प्याद्याचा शह. हे प्यादे मारता येत नाही, कारण त्याला ए८ वरच्या हत्तीचा जोर आहे. हाम्पे यांनी सी५ वरचा घोडाही मारला.

येथे थांबून दोन्ही बाजूंचे बळ मोजा. प्याद्याचा १, घोड्याचे ३, उंटाचे ३, हत्तीचे ५ आणि वजिराचे ९ असे गुण आपण नेहमी धरतो. पांढऱ्याकडे आहेत वजीर, दोन हत्ती, दोन उंट, एक घोडा आणि सहा प्यादी. एकूण ३४ गुण. काळ्याकडे आहेत दोन हत्ती, एक उंट, एक घोडा आणि आठही प्यादी. एकूण २४ गुण. पांढरा १० गुणांनी पुढे आहे. नुसता हिशेब पाहिला तर डाव संपल्यात जमा आहे.

पण हे गुण म्हणजे मोहऱ्यांची सरासरी किंमत. मोहरे कोठे उभे आहे आणि या क्षणी ते काम काय करते, हे त्या आकड्यात येत नाही. पांढऱ्याचा वजीर, दोन्ही हत्ती, दोन्ही उंट आणि जी१ वरचा घोडा ही सगळी मोहरी अजून आपापल्या मूळ घरांतच बसलेली आहेत. राजा मात्र सी५ वर, घरापासून कितीतरी दूर, एकटा आहे.

राजाभोवतीची आठ घरे

आता काळ्याची बारावी खेळी पाहा : घो-ई७. शह नाही, मार नाही. घोडा गुपचूप ई७ वर येऊन बसतो. या सबंध डावातली ही सर्वांत सुंदर खेळी म्हणावी लागेल. का, ते शोधण्यासाठी एक पद्धत वापरू. राजाला जास्तीत जास्त आठ शेजारघरे असतात. त्यांतले प्रत्येक घर तपासायचे. एकही सोडायचे नाही.

पांढरा राजा सी५ वर आहे.

बी४ : ए५ वरच्या काळ्या प्याद्याच्या माऱ्यात.
सी४ : डी५ वरच्या प्याद्याच्या माऱ्यात.
डी४ : ई५ वरच्या प्याद्याच्या माऱ्यात.
डी६ : सी७ वरच्या प्याद्याच्या माऱ्यात.
बी६ : हेही सी७ वरच्या प्याद्याच्या माऱ्यात.
डी५ : येथे काळे प्यादे आहे, आणि त्याला आता ई७ वरच्या घोड्याचा जोर आहे.
सी६ : ई७ वरच्या घोड्याच्या माऱ्यात.
बी५ : मोकळे.

म्हणजे राजाला एकच दार उघडे आहे. आता समजा, घोडा ई७ वर न आणता काळ्याने लगेच बी६ + असा शह दिला असता, तर? मग डी५ चे प्यादे बिनजोर असते आणि सी६ चे घर मोकळे असते. राजा सहज निसटला असता. घोड्याच्या त्या एका शांत खेळीने दोन दारे बंद केली.

आता धमकी अशी आहे : बी६ +, राजाला बी५ वर जावेच लागेल, आणि मग उं-डी७ मात. ही मात खरी आहे का, हे आठ घरांच्या पद्धतीने तुम्हीच तपासा. ए६ चे घर ए८ वरचा हत्ती राखतो आणि ए४ चे घर उंटाच्याच तिरक्या रेषेत येते, एवढे लक्षात ठेवा.

बचावाची खेळी

पांढऱ्याच्या हातात आता एकच खेळी आहे. १० गुणांची आघाडी आणि एक खेळी! हाम्पे यांनी उं-बी५ + असा शह दिला. काळा राजा डी८ वर सरकला. पण आता बी५ वर पांढऱ्याचाच उंट उभा आहे. म्हणजे राजाचे एकमेव उघडे दार त्याच्याच मोहऱ्याने अडवले! पुढच्या खेळीला नुसते बी६ केले तरी मात होईल.

मग आली चौदावी खेळी : उं-सी६. उंट थेट काळ्याच्या तोंडात जाऊन बसला. बी७ चे प्यादे त्याला मारू शकते आणि ई७ चा घोडाही मारू शकतो. पण या एका खेळीने दोन कामे झाली. बी५ चे घर मोकळे झाले, आणि डी७ वरून बी५ कडे येणाऱ्या तिरक्या रेषेत अडथळा उभा राहिला. आता बी६ + नंतर राजा बी५ वर गेला, तरी उं-डी७ करून शह बसत नाही, कारण मध्ये सी६ वर उंट आहे. काळ्याने प्याद्याने उंट मारला असता, तर बी पट्टीवरचे प्यादेच सी पट्टीवर गेले असते आणि बी६ चा शह उरला नसता.

म्हणून काळ्याने आधी बी६ + दिला. राजा बी५ वर गेला. मग घोड्याने उंट मारला : घो×सी६. आता धमकी आहे घो-डी४ +, राजा ए४ वर, आणि उं-डी७ मात. पांढऱ्याने एच३ सारखी एखादी निरुपयोगी खेळी केली असती, तर ही मात अटळ होती. हाम्पे यांनी घोडाच मारला : रा×सी६. पांढऱ्याचा राजा आता काळ्याच्या राजापासून अवघ्या एका घराच्या अंतरावर आला.

दोघांच्याही पायांत बेडी

आता पटावर काय उरले ते मांडून पाहा.

पांढरा : राजा सी६, वजीर डी१, हत्ती ए१ आणि एच१, उंट सी१, घोडा जी१, प्यादी ए३, बी२, सी२, डी२, जी२, एच२.

काळा : राजा डी८, हत्ती ए८ आणि एच८, उंट सी८, प्यादी ए५, बी६, सी७, डी५, ई५, एफ७, जी७, एच७.

पांढऱ्याचे ३१ गुण, काळ्याचे २१. फरक अजूनही १० चाच आहे. खेळी काळ्याची. आणि माइट्नर खेळले उं-बी७ +!

उंट राजाच्या अगदी शेजारी, बिनजोर उभा आहे. मारावा का? मारून पाहू. समजा, १७. रा×बी७. मग काळा शांतपणे रा-डी७ करतो. आता पांढऱ्या राजाला एकही घर नाही. ए६ आणि ए७ ही घरे ए८ वरचा हत्ती राखतो, सी६ आणि सी८ काळा राजा राखतो, बी६ च्या प्याद्याला सी७ चा जोर, सी७ च्या प्याद्याला राजाचा जोर, आणि ए८ च्या हत्तीला एच८ च्या हत्तीचा जोर. बी८ तर दोन्ही हत्तींच्या माऱ्यात. पुढची खेळी एच८ चा हत्ती बी८ वर, आणि मात. पांढरा वजीर जी४ वरून शह देऊ शकतो, पण राजा डी६ वर जातो. वजिराचा आणखी एखादा शह फक्त मात पुढे ढकलतो, टाळत नाही.

म्हणून उंट मारायचा नाही. दुसरे घर एकच, बी५. राजा बी५ वर जातो. काळा उं-ए६ + देतो. हा उंटही मारता येत नाही, कारण त्याला ए८ च्या हत्तीचा जोर आहे. राजाला दोन वाटा आहेत : ए४ किंवा सी६.

ए४ ची वाट पाहू. समजा, १८. रा-ए४. काळा खेळतो उं-सी४. पुन्हा शांत खेळी! पण आता धमकी आहे बी५ मात. बी५ च्या प्याद्याला उंटाचा जोर, बी३ चे घर उंटाच्या माऱ्यात, बी४ चे घर ए५ च्या प्याद्याच्या माऱ्यात, आणि ए५ च्या प्याद्याला हत्तीचा जोर. पांढऱ्याने काहीही केले तरी ही मात टळत नाही.

म्हणजे राजाने सी६ वरच परत यायचे. मग उं-बी७ +. राजा बी५ वर. उं-ए६ +. राजा सी६ वर. उं-बी७ +. पांढरा या फेऱ्यातून बाहेर पडला, की त्याला मात होते.

आणि काळा? त्याला तरी मोकळीक कोठे आहे? तो १० गुणांनी मागे आहे. शह देण्याचे थांबवून त्याने एक जरी सैल खेळी केली, तर पांढऱ्याला श्वास घ्यायला वेळ मिळेल, वजीर बाहेर येईल आणि एवढे मोठे सैन्य कामाला लागेल. काळ्याला शह देतच राहिले पाहिजे, पांढऱ्याला पळतच राहिले पाहिजे. दोघांच्याही पायांत बेडी आहे, आणि तिची साखळी एकच आहे. म्हणून अठराव्या खेळीनंतर दोघांनी बरोबरी मान्य केली. याला 'सततचा शह' म्हणतात.

भागाकार आणि बुद्धिबळ

आता थोडे गणित करू. १ ला ७ ने भागा. उत्तर येते ०.१४२८५७१४२८५७... हे सहा अंक पुन्हा पुन्हा येत राहतात. का बरे? भागाकार करताना बाकीकडे लक्ष द्या. सुरुवातीचा १ आणि त्यानंतरच्या बाक्या अशा येतात : १, ३, २, ६, ४, ५, आणि पुन्हा १. सातने भागताना भाग पूर्ण जात नसेल, तर बाकी १ ते ६ यांपैकीच असू शकते. केव्हा तरी जुनी बाकी परत येणारच. आणि ती आली, की पुढचे सगळे अंक पूर्वीच्याच क्रमाने येणार, कारण पुढचा अंक फक्त बाकीवर अवलंबून असतो.

बुद्धिबळातही असेच आहे. पटावरची स्थिती म्हणजे जणू ही 'बाकी'. आपल्या डावात चार स्थितींचे चक्र तयार झाले :

पहिली : राजा सी६, उंट बी७, खेळी पांढऱ्याची.
दुसरी : राजा बी५, उंट बी७, खेळी काळ्याची.
तिसरी : राजा बी५, उंट ए६, खेळी पांढऱ्याची.
चौथी : राजा सी६, उंट ए६, खेळी काळ्याची.

चौथीनंतर पुन्हा पहिली. फरक एवढाच, की भागाकारात पुढचा अंक ठरलेलाच असतो, त्याला निवड नसते. खेळाडूला निवड असते. पण येथे प्रत्येक वळणावर दुसरी निवड तोट्याची असल्याने चक्र बंद झाले.

पटावर ६४ घरे आणि जास्तीत जास्त ३२ मोहरी. होऊ शकणाऱ्या स्थितींची संख्या प्रचंड आहे, पण अनंत नाही. तेव्हा एखादा डाव कधीच संपला नाही, तर त्यात काही स्थिती पुन्हा पुन्हा याव्याच लागतील. म्हणून नियम करणाऱ्यांनी पुनरावृत्तीलाच धरले. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तीच स्थिती, त्याच खेळाडूची पाळी असताना, तिसऱ्यांदा आली, की बरोबरीची मागणी करता येते. लागोपाठच आली पाहिजे असे नाही. किल्लेकोट करण्याचा हक्क वगैरे गोष्टीही तिन्ही वेळा सारख्याच असाव्या लागतात. पाच वेळा आली, तर कोणी मागणी केली नाही तरी डाव बरोबरीत संपतो. सततच्या शहासाठी आजच्या नियमांत वेगळे कलम नाही. तो या पुनरावृत्तीच्या नियमातच बसतो.

बरोबरीचे आणखी प्रकारही तुम्हाला माहीत असावेत. दोघांनी संमतीने बरोबरी करणे हा एक. शह नसताना हलायला एकही नियमानुसार खेळी नसणे हा दुसरा. मात करता येईल एवढे बळ कोणाकडेच न उरणे, उदाहरणार्थ राजाविरुद्ध राजा आणि एकटा उंट, हा तिसरा. आणि दोघांच्याही लागोपाठ ५० खेळ्यांत एकही मोहरे मारले गेले नाही व एकही प्यादे हलले नाही, तर बरोबरीची मागणी करता येते, हा चौथा.

जगज्जेतेपदाच्या लढतींतही बरोबरी काही कमी नसते. कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह यांची १९८४ साली सुरू झालेली लढत ४८ डाव चालली. त्यांतले ४० डाव बरोबरीत सुटले, आणि १९८५ साली लढत निकालाविना थांबवावी लागली. २०१८ साली लंडनमध्ये कार्लसन आणि कारुआना यांचे बाराही मुख्य डाव बरोबरीत गेले.

दोन्ही बाजूंनी अगदी अचूक खेळ झाला, तर बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटेल का? 'चेकर्स' या सोंगट्यांच्या खेळाबाबत असा प्रश्न कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २००७ साली संगणकाच्या मदतीने सोडवला. उत्तर आले, बरोबरी! बुद्धिबळाचा विस्तार मात्र फारच मोठा आहे. पटावर दोन्ही राजे धरून सातच मोहरी उरली असतील, तर अचूक उत्तर संगणकाच्या कोष्टकांत पाहता येते. संपूर्ण बुद्धिबळाचे उत्तर अजून कोणी सिद्ध केलेले नाही.

माइट्नर हे नाव ओळखीचे वाटते?

वाटायलाच हवे. हा डाव खेळणाऱ्या वकिलांच्या घरी १८७८ साली एक मुलगी जन्मली. तिचे नाव लिझे. हीच पुढची सुप्रसिद्ध पदार्थवैज्ञानिक लिझे माइट्नर. युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा केल्यावर बेरियम कसे काय मिळते, हे कोडे जर्मनीत ऑटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांना १९३८ च्या अखेरीस पडले होते. हिटलरच्या राजवटीमुळे जर्मनी सोडून स्वीडनमध्ये आलेल्या लिझे माइट्नर आणि त्यांचा भाचा ऑटो फ्रिश यांनी त्याचा अर्थ लावला : युरेनियमचे अणुकेंद्र दुभंगते आणि मोठी ऊर्जा बाहेर पडते. १९३९ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. या शोधासाठी १९४४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकट्या हान यांना मिळाले. १०९ क्रमांकाच्या मूलद्रव्याला मात्र 'माइट्नेरियम' हे नाव आहे, लिझे माइट्नर यांच्या सन्मानार्थ.

वडिलांच्या बुद्धिबळामुळे मुलगी शास्त्रज्ञ झाली, असे म्हणण्यास काही आधार नाही. पण तिच्या कामात आणि या डावात एक गोष्ट सारखी आहे. 'असे होणे शक्य नाही' असे म्हणून पुढे न जाता, 'समजा असे झाले असेल, तर?' हा प्रश्न शेवटपर्यंत नेणे. वजीर गमावल्यावर डाव हरलाच, असे समजून माइट्नर उठले असते, तर हा डाव आज कोणाला ठाऊक असता?

तुम्हीही तुमच्या पुढच्या डावात एवढे करा. मोहरी कमी झाली म्हणून लगेच राजा आडवा करू नका. आधी प्रतिपक्षाच्या राजाभोवतीची आठ घरे मोजा. किती उघडी आहेत? किती बंद करता येतील? मात होत नसेल, तर निदान शहांचे चक्र बसते का? आणि तुम्ही पुढे असाल, तर हेच आपल्या राजाबाबत तपासा. १० गुणांची आघाडी असूनही हाम्पे यांना अर्ध्या गुणावर समाधान मानावे लागले, कारण त्यांचे सैन्य घरी बसले होते.

स्वाध्याय

१. तेराव्या खेळीनंतर (काळा राजा डी८ वर) पांढऱ्याने एच३ केले आणि काळ्याने बी६ केले. ही मात आहे का? आठही घरे तपासा.

२. अठराव्या खेळीला राजा ए४ वर गेला आणि काळ्याने उं-सी४ केले. आता पांढऱ्याने व-जी४ करून त्या उंटावर हल्ला चढवला, तर डाव वाचेल का?

३. दोघेही न थांबता तसेच खेळत राहिले असते, तर आजच्या नियमांप्रमाणे तीच स्थिती तिसऱ्यांदा कोणत्या खेळीनंतर आली असती?

उत्तरे

१. होय, मात आहे. बी४, सी४, डी४, डी६ ही घरे प्याद्यांच्या माऱ्यात. सी६ घोड्याच्या माऱ्यात. डी५ च्या प्याद्याला घोड्याचा आणि बी६ च्या प्याद्याला सी७ चा जोर. बी५ वर पांढऱ्याचाच उंट.

२. नाही. काळा लगेच बी५ करून मात करतो. शह प्याद्याचा आहे. वजिराने सी४ चा उंट मारला तरी शह तसाच राहतो, म्हणून ती खेळी नियमातच बसत नाही.

३. काळ्याच्या विसाव्या खेळीनंतर. राजा सी६, उंट बी७, खेळी पांढऱ्याची, ही स्थिती काळ्याच्या सोळाव्या, अठराव्या आणि विसाव्या खेळीनंतर येते.